पाच वाजले, आणि कोणी उठलंच नाही!

नाही, पण मला एवढंच सांगा, ज्या पक्षाच्या अधिवेशनात संध्याकाळी पाच वाजता खुर्ची मागं सारून उठणारा माणूस उरला नाही, त्याला पक्ष म्हणायचं कशाला? भजनी मंडळ म्हणा! विमा एजंटांचं संमेलन म्हणा! तुम्हाला सांगतो, मिनेसोटात गव्हर्नरचा उमेदवार निवडताना मी आयुष्यभर या लोकांच्या मागं वही घेऊन पळालो, पण परवा सेंट क्लाउडच्या त्या सभागृहात जे पाहिलं ना... छे! सांगतो, सगळं सांगतो, पण आधी पाच वाजताचं ऐका, त्याशिवाय कळायचं नाही.

आमच्या पक्षाचे पहिल्यापासून दोन तट. एक गोठेवाले, एक शहरवाले. एकमेकांचं तोंड पाहवत नाही, पण दुसऱ्या पक्षाचं त्याहून पाहवत नाही, म्हणून एका छपराखाली. उमेदवाराला शंभरात साठ मतं लागतात. आणि मतं मिळाली तरी भागत नाही, त्यानं त्याच दिवशी मंचावर येऊन स्वतःच्या तोंडानं ‘मी स्वीकारतो’ म्हणायचं. तसं म्हणायला आला नाही तर उमेदवारी दुसऱ्या नंबरवाल्याला. का? तर पूर्वी एकदा गैरहजर माणसाला निवडून ढोल बडवले, आणि दुसऱ्या दिवशी कळलं, गृहस्थ आदल्याच आठवड्यात समोरच्या पक्षात गेलेला! तेव्हापासून हा नियम.

आता शहरवाल्यांची युक्ती बघा. गोठेवाले जास्त असले की हे मतदानच होऊ द्यायचे नाहीत. हरकतीचा मुद्दा! उपसूचना! उपसूचनेला उपसूचना! एक वकील उठायचा, चष्मा पुसायचा, “अध्यक्षमहाराज, तिसऱ्या ओळीतल्या स्वल्पविरामाबद्दल...” आणि घड्याळाकडं बघायचा. पाच वाजले रे वाजले, की सभागृहभर खुर्च्यांचा खरखराट! काय आवाज होता हो तो! शेकडो माणसं एकदम उभी, टोप्या डोक्यावर, चर्चच्या बायकांनी आणलेल्या रूबार्बच्या आंबटगोड वड्यांतली शेवटची वडी खिशात, आणि चालली दाराकडं. धारेची वेळ! सभागृहात मागं राहायचा तो रबरी बुटांचा आणि सिगारचा मिसळलेला वास, आणि आम्ही बातमीदार धावायचो टेलिफोनच्या खोक्यांकडं, एकमेकांना कोपरं मारत. मग शहरवाले आरामात मतदान करायचे आणि आपला माणूस निवडायचे.

मी तेव्हा कॉलेजातून नुकता सुटलेला, रक्त गरम. गाड्यांच्या तळावर एका धिप्पाड गोठेवाल्याला अडवलं, म्हटलं, “अहो, तुम्ही उमेदवार आहात ना? जिंकत असताना उठून काय जाता?” तो म्हणजे आर्व्हिड स्कॉगलुंड. त्यानं पिकअपचं दार उघडलं, माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “पोरा, गव्हर्नर थांबतो. गाय थांबत नाही.”

दोनदा असा हरला हा माणूस. दोनदा! दोन्ही वेळा मी पेटून लिहिलं, लोकशाहीचा गळा, वगैरे वगैरे. आणि दोन्ही वेळा हा दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणार, “हॉगेन, ते सगळं छापलंस ते बरं केलंस, पण दुधाचा भाव का नाही छापलास?”

आता सत्तरी ओलांडली त्यानं. बायको गेली, पाठीत बाक आला. ही तिसरी आणि शेवटची खेप. समोर शहरवाल्यांच्या, सेंट पॉलच्या हॅलोरनबाई. हुशार, फटकळ, पायात महागडे बूट. मतं मोजली तर गोठेवाले थोडे वरचढ. मला सकाळी कॉफीच्या पिंपापाशी आर्व्हिड भेटला. “हॉगेन, मतदान तीनला आहे म्हणतात. चारला मोकळा होईन ना रे?”

“होशील,” म्हटलं. पण मनात म्हटलं, हॅलोरनबाई काय गोट्या खेळायला आल्यात?

आणि झालं तेच! तीनच्या ठोक्याला बाई उठल्या. ठराव काय? तर राज्याचं अधिकृत सूप ठरवायचं! रानभाताचं सूप की आणखी काही! मी डोक्याला हात लावला, कारण मला हे गोठेवाले ठाऊक. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सूप चुलीत घाला, मतदान घ्या. पण आमची माणसं? व्हर्लिन ग्रीनवाल्ड, आर्व्हिडचा उजवा हात, ताडकन उभा. “अध्यक्षमहाराज, रानभातात मशरूम घालणाऱ्यांना सूपवर बोलायचा अधिकार नाही!” झालं! मागून एक म्हातारी, “आणि हॉटडिश? हॉटडिशचं काय?” “ते ओव्हनमध्ये भाजतात, ते सूप नाही, वेडे!” “माझ्या सासूच्या हातचं असायचं!” भांडताहेत, टेबलं बडवताहेत... तुम्हाला सांगतो, इतकं बरं वाटलं! जुने दिवस आल्यासारखं वाटलं. अध्यक्ष वॉयचिक हातोडी आपटून आपटून घामाघूम, आणि हॅलोरनबाई घड्याळाकडं बघताहेत.

पावणेपाच. पाचला पाच कमी. मी वही बंद केली, पेन खिशात घातलं, कारण आता खुर्च्यांचा खरखराट होणार, आणि तो मला डोळे मिटून ऐकायचा होता. तेवढ्यासाठी तर आलो होतो. गाय काही थांबत नाही!

पाच वाजले.

आणि... काही नाही! एक खुर्ची हलेना! हॅलोरनबाई बघताहेत, मी बघतोय, वॉयचिक हातोडी वर धरून थांबलाय. मी वाकून व्हर्लिनच्या कानात म्हटलं, “अरे, पाच वाजले!”

“मग?”

“मग काय? गाई!”

“कसल्या गाई?” व्हर्लिन सूपच्या ठरावावरून नजर न काढता म्हणाला. “विकल्या की. आता गोठ्यात लोकांच्या बोटी ठेवतो, हिवाळाभर. भाडं येतं.”

शेजारचा म्हणाला, “आम्ही लग्नाला देतो गोठा. शहरातली पोरं येतात. गव्हाणीत फुलं मांडतात.”

“आणि गाई?”

“भिंतीवर आहे एक. रंगवलेली.”

अहो, गोठेवाल्यांच्या सगळ्या रांगा फिरलो मी! एकाच्याही घरी गाय नाही! आणि टोप्या बघाल तर दूधसंघाच्या! उठलं कोण? शहरवाले! एकाचा कुत्रा घरात कोंडलेला, एकीची योगासनं, एकाच्या मुलाचा फुटबॉल. बाई दारात आडव्या पडायच्या बाकी होत्या, “अरे, बसा रे, बसा!”

आणि गोठेवाल्यांतून फक्त एक खुर्ची मागं सरकली. एकच. तो आवाज मी कुठंही ओळखेन. आर्व्हिड!

मी दारात गाठला त्याला. “आर्व्हिड, आज जिंकतोयस! बस की गपचूप तासभर!”

“एकोणीस आहेत रे. हंबरून जीव देतील.”

“मग कोणाला तरी फोन कर ना! शेजाऱ्याला सांग!”

त्यानं सभागृहाकडं मान केली. “धार काढता येणारे सगळे इथंच बसलेत. आणि त्यांची मतं मला हवीत.” आणि गेला. गाय थांबत नाही!

साडेपाचला मतदान. एकेक काउंटी, म्हणजे जिल्हा, उठतेय, फुशारकी मारून मत देतेय, तीच जुनी पद्धत: “अध्यक्षमहाराज, लोण्याची आणि सायीची भूमी, जिथं गाय पहाटे चर्चच्या घंटेआधी हंबरते...” अरे, कुठली गाय? भिंतीवरची? पण मतं पडली! साठाच्या वर! टोप्या उडाल्या, व्हर्लिन रडला. आणि वॉयचिक म्हणतो, “आर्व्हिड स्कॉगलुंड, मंचावर या!” कोणी येईना. “आर्व्हिड स्कॉगलुंड!” त्याच्या खुर्चीवर नुसता त्याचा कॉफीचा कप.

वॉयचिक म्हणाला, “सातला सभागृह सोडायचंय. सातपर्यंत थांबतो.”

व्हर्लिनला सुचलं. “अरे, मी जातो! उरलेल्या धारा मी काढतो आणि आर्व्हिडला पाठवून देतो!” त्याच्यामागं दुसरा, “एकट्याला उरकायच्या नाहीत, मीही येतो.” तिसरा. चौथी ती सूपवाली म्हातारी. बघता बघता पिकअपची रांग लागली. मीही गाडी काढली. बातमीदारानं बातमी लिहावी, उमेदवार वाहू नये, हे मला कळतं हो... पण दोनदा हरलेला बघितलाय मी त्याला!

अर्ध्या तासात गोठ्यात पोचलो तर काय! व्हर्लिन कोट काढून गाईखाली बसलाय, यंत्र बाजूला, हातानं काढतोय! “यंत्र नको, मला बघू दे अजून येतं का!” दुसरा ओरडतोय, “तिला सोड, ती माझी!” म्हातारी एका गाईच्या मानेला गाल लावून उभी. माणसं येताहेत, बाह्या सारताहेत, भांडताहेत, धारांचा आवाज बादलीत... आणि मधोमध आर्व्हिड, रिकाम्या हातांनी, तोंड भरून हसत.

मी ओरडलो, “आर्व्हिड! गाडीत बस! साडेसहा होत आले!”

“अरे, थांब. ती तपकिरी लाथ मारते, तेवढं व्हर्लिनला सांगू दे.”

सांगितलं. तरी लाथ बसलीच, मलाच बसली. मग “ह्या बादलीचं तोंड धर रे जरा.” मग “हिला जरा चारा टाकतो.” मी घड्याळ दाखवतोय, शिव्या घालतोय, कोणाला ऐकू येतंय? सगळा तट उठून गोठ्यात आलाय, सभागृह ओस! तासभर उशिरा का होईना, उठले ना सगळे! अगदी पूर्वीसारखे!

आणि फोन वाजला. हॅलोरनबाई! “हॉगेन, सात वाजले. नियमानं मी स्वीकारलं. आर्व्हिडना सांगा, राग मानू नका.” मग जरा घुटमळल्या. “आणि... प्रचाराच्या पहिल्या फोटोसाठी गाय हवीय हो. सगळ्या पक्षात चौकशी केली. त्यांच्याकडंच आहेत म्हणतात. उद्या कधी येऊ?”

मी ते जसंच्या तसं आर्व्हिडला सांगितलं, दात खात. आर्व्हिडनं हात पुसले, त्या एकोणीस पाठींकडं बघितलं.

“सूप कुठलं ठरलं?” त्यानं विचारलं.

“ठरलंच नाही!”

“हं. तिला म्हणावं, पाचला ये. जुने बूट घालून ये. आणि उशीर करू नको म्हणावं...”

पुढचं सगळा गोठा एका सुरात ओरडला.

आता तुम्हीच सांगा, याच्यावर चिडून काय लिहायचं? मी लिहिणारच होतो हो तिथल्या तिथं, चांगलं झणझणीत... पण वही काढणार कशी? दोन्ही हातांत बादल्या होत्या, आणि तिसरी म्हातारीनं गळ्यात अडकवली होती.