बाणकोटातला बाणकोटकर

अरे, आडनावांवरून निघालंच आहे तर माझं ऐका. आखाती युद्धात मी सौदीत धाहरानला होतो. भोंगा वाजला की आम्ही मास्क घेऊन तळघरात पळायचो. माझा साहेब सदरलंड, मूळचा स्कॉटलंडचा. घाबरला की हा माणूस आडनावांवर बोलत सुटायचा.

"सदरलंड म्हणजे दक्षिणेचा मुलूख," तो एकदा म्हणाला.

"म्हणजे तुमचं गाव दक्षिणेला?"

"छे! स्कॉटलंडच्या पार उत्तरेला. पण नाव ठेवणारे समुद्रातून आले, आणखी उत्तरेकडून. त्यांना ते दक्षिणेलाच."

मी म्हटलं, "आमचं सोपं आहे. बाणकोटचा, म्हणून बाणकोटकर."

"गावातही तुला बाणकोटकरच म्हणतात?"

"गावात कशाला म्हणतील? तिथे मी करीम तांडेलचा मुसा."

साहेब हसला. "म्हणजे आमच्यासारखंच. गावाचं नाव लागतं ते गाव सोडणाऱ्याला."

त्याच आठवड्यात अब्बा गेल्याचा फोन आला. विमानं बंद होती. साहेबाने खूप धडपड केली, पण नाही जमलं. बापाला मूठभर माती द्यायलाही मी पोचलो नाही.

युद्ध थांबलं तेव्हा कुठे सुटी मिळाली. बाणकोटच्या धक्क्यावर उतरलो, तर अब्बांच्याच होडीवरचा एक नवा खलाशी पुढे आला. माझी बॅग घेतली आणि अदबीने म्हणाला, "या, बाणकोटकरसाहेब."