टॉवरवरचा तांबडा दिवा बंद असल्याबाबत

मी पूनम निंगप्पा मेटकरी, वय ३४ वर्षे, धंदा शेती व मेंढीपालन, रा. मेटकरी वस्ती, मौजे बोरमाळ, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी सासरे सिद्धाप्पा, वय ७२, यांच्यासह राहते. पती अकलूजला साखर कारखान्यात कामाला आहेत. सासऱ्यांना दिवसा बरे दिसते. अंधार पडला की पायाखालची वाट दिसत नाही, लांबचा उजेड मात्र दिसतो. आमच्या घराला लागून मोबाईलचा टॉवर आहे. त्याच्या शेंड्यावर विमानांना दिसावा म्हणून तांबडा दिवा असतो. मेंढरे चारून परतताना उशीर झाला तर सासरे त्या दिव्याच्या रोखाने घरी येत.

दिवाळीनंतर तो दिवा बंद पडला. टॉवरची देखभाल करणारे रामहरी यांना मी फोन केला. ते म्हणाले, "वैनी, इमानवाल्यांची तक्रार न्हाय, आन् तुमची कशी?" मी म्हणाले, "इमान आमच्यात जेवायला येत न्हाय. मामा येत्यात." ते हसले व बघतो म्हणाले. पुढे त्यांनी फोन उचलला नाही. तेव्हापासून सासरे उजेड असतानाच परतत होते.

गेल्या सोमवारी दिवस मावळल्यावर मेंढरे आणि कुत्रे घरी आली, सासरे आले नाहीत. एक लंगडे कोकरू कळपात नव्हते. ते उचलून घेऊन मागून येत असतील असे मला वाटले. नंतर मी व शेजारचे बिभीषण बॅटऱ्या घेऊन नेहमीच्या वाटेने हाका मारत गेलो. ते त्या वाटेवर नव्हतेच.

सकाळी खडीच्या खाणीतल्या कामगारांचा निरोप आला. सासरे खाणीत पडलेले होते. उजव्या मांडीचे हाड मोडले होते. कोकरू त्यांच्या घोंगड्यात जिवंत होते. खाणीच्या पलीकडे नवा टॉवर उभा केलेला आहे. त्याचा तांबडा दिवा त्याच सोमवारी पहिल्यांदा लागला, हे मला तिथे कळले.

रामहरी यांनी मुद्दाम केले असे माझे म्हणणे नाही. सांगूनही ऐकले नाही, एवढे म्हणणे आहे. माझा जीव जळतो आहे, तेही लिहून घ्यावे.

दवाखान्यात मी सासऱ्यांना विचारले, "मामा, तिकडं कशाला गेलासा?" ते म्हणाले, "दिवा लागल्याला दिसला की. लई बरं वाटलं. म्हनलं, सूनबाईनं भांडून लावून घेतला."

हा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.