चार वाजायच्या आतला लाल चौकोन

“हॅलो?… हां, बोल मीरा. झालं डाउनलोड?… झकास. आता त्यावर राइट क्लिक. अगं, डबल क्लिक नको! राइट क्लिक, मग ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’… हो, हो… परवानगी मागतोय ना, मग दे की!”

रुचिरा विक्रोळीच्या ऑफिसात हेडफोन लावून बसली होती आणि मीरा मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सर्व्हरच्या गारठलेल्या खोलीत. दोघी भांडुपच्या एकाच चाळीत वाढलेल्या, त्यामुळे कामाच्या फोनवरही ‘मॅडम’ वगैरे भानगड नव्हती. लॅबच्या सर्व्हरवर एजंट बसवायचा होता, म्हणजे सर्व्हरची तब्येत मिनिटामिनिटाला कळवणारा एक छोटासा प्रोग्राम. चार वाजता लॅबचे मालक डॉक्टर श्यामसुंदर तो बघायला येणार होते. सगळं ठीक दिसलं, तर घाटकोपर आणि बोरिवलीच्या लॅबचे सर्व्हरही मीराच्या हाती देणार होते. सॅम्पलच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता आठ वर्षांत इथवर आलेली मुलगी ती. तिला हे काम हवंच होतं, आणि रुचिराला तिच्याहून जास्त हवं होतं.

“आता लायसन्सची की विचारेल, तो लांबलचक कोड. व्हॉट्सॲपवर पाठवलीय बघ… टाइप नको करूस बाई, पेस्ट कर… चुकीची म्हणतोय? शेवटी स्पेस आली असेल… आली होती ना? मग!

आता डेटाबेसचा युजर… नाही नाही, तुझा नको देऊस. सकाळी वेगळा बनवला ना आपण, नुसतं बघायची परवानगी असलेला?… तोच. एजंटला कुणाच्या रिपोर्टमध्ये ढवळाढवळ करायची नाहीये… हां, आता सर्व्हिस स्टार्ट कर… थांब, दिसेल माझ्याकडे.

आला! मीरा, आला तुझा सर्व्हर!… चार चौकोन दिसतायत. मेमरी हिरवी. डिस्क हिरवी. डेटाबेस हिरवा. बॅकअप…

एक मिनिट हं.

बॅकअप लाल आहे गं… शेवटचा बॅकअप त्रेचाळीस दिवसांपूर्वीचा… मस्करी कशाला करू मी?… रजिस्टरमध्ये रोज टिक केलीस, मान्य. पण काय बघून केलीस?… बॅकअपच्या डिस्कचा हिरवा दिवा? अगं, तो दिवा म्हणजे डिस्कला करंट मिळतोय, एवढंच!”

मीरा तिकडून जे बोलली त्यातलं अर्धं रुचिराला कळलंच नाही. मीरा स्वतःलाच शिव्या घालत होती.

“ऐक. ऐक ना आधी. त्रेचाळीस दिवसांपूर्वी काय बदललं?… नवी डिस्क लावलीस. बरोब्बर. जुनीचं अक्षर ‘ई’ होतं. नवीचं बघ काय आलंय… ‘एफ’. झालं! बॅकअप बिचारा रोज ‘ई’ शोधतो आणि हात हलवत परत जातो. सेटिंगमध्ये ‘एफ’ कर… केलंस? कर आता बॅकअप सुरू… किती वेळ दाखवतोय?… पन्नास मिनिटं… माहितीये गं, पावणेचार वाजलेत.”

पुढे मीरा काय विचारणार, हे रुचिराला लगेच कळलं, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

“नाही… मीरा, नाही… तो चौकोन हिरवा करता येतो, हो. बॅकअप किती दिवस जुना झाला की लाल करायचं, ते आपणच ठरवतो. आता ‘एक’ आहे. ‘साठ’ टाकलं की लगेच हिरवं… आजच्यापुरतं असं सगळेच म्हणतात, यार. नंतर कोणी बदलत नाही… मी नाही टाकणार.

हो, हा आकडा ज्या फाइलमध्ये आहे ती तुझ्याच सर्व्हरवर आहे. मला विचारायचीही गरज नाही तुला. पण या पन्नास मिनिटांत सर्व्हर उडाला, तर त्रेचाळीस दिवसांचे रिपोर्ट गेले. किती जणांना परत बोलावून सुया टोचशील?… मैत्रीण आहे म्हणून तर सांगतेय ना… रडू नकोस गं. सरांना तूच सांग. कुठे चुकलं, कसं सापडलं, आता काय करतेयस… ओरडतील, हो… बोरिवली नाही मिळणार कदाचित. मीरा?… मीरा, आहेस ना?”

फोन चालू होता. तिकडून कीबोर्डची टकटक येत होती. मग रुचिराच्या स्क्रीनवरचे चारही चौकोन राखाडी झाले. मीरानं फाइल बदलून एजंट पुन्हा चालू केला होता. रुचिराला मीराचा राग आला, आणि तिच्या जागी आपण काय केलं असतं या विचारानं स्वतःचाही आला.

चौकोन परत उमटले. तीन हिरवे, एक लाल. मर्यादा ‘एक’च होती. बदलली होती ती खालची ओळ. चौकोन लाल झाला की इशारा कुणाला पाठवायचा, तिथे मीराच्या नावाखाली आता डॉक्टर श्यामसुंदरांचा नंबर होता.

“अगं वेडे… मग मेसेज गेला असणार त्यांना!… आलेत? आत्ताच?… तुझ्यासमोर उभे राहून वाचतायत?… बरं, बरं. बोल त्यांच्याशी, मी ठेवते… नाही गं, मी कुठे रडतेय. ठेव तू.”