टॉवरवर माणूस आहे

(रोपवेचा नियंत्रण कक्ष, दुपार. ताईंसमोर दोन वायरलेस. एकावर दरीच्या मध्यावर अडकलेली सात नंबरची ट्रॉली, दुसऱ्यावर तिसऱ्या टॉवरवर चढणारा मिस्त्री. त्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.)

साहेब: अर्धा तास झाला, बाई. या रोपवेचा मी नऊ वर्षं व्यवस्थापक होतो. निवृत्त झालो म्हणून मला अक्कल शिकवू नका.

ताई: आवाज ओळखला, साहेब. ट्रॉलीत किती माणसं आहेत?

साहेब: ते तुमच्या तिकीटवाल्याला विचारा.

ताई: तुम्हाला विचारते आहे. प्रत्येकाकडे बघून मोजा.

साहेब: सहा. एक नवरा-बायको, वयस्कर बहीण-भाऊ, मी आणि माझी पाच वर्षांची नात.

ताई: दर पाच मिनिटांनी असंच मोजून सांगायचं. दोर टॉवरच्या चाकावरून घसरला आहे. मिस्त्री चढतो आहे. तोवर तिथले वडीलधारे तुम्ही. तुमचा धीर सुटला, तर सगळ्यांचा सुटेल.

मिस्त्री: ताई, सातमध्ये तोच बसलाय म्हणे. तिकीटवाल्यानं पाहिलं.

ताई: पट्टा लावलास का?

मिस्त्री: लावला. तुझ्या बापानं मला या शिडीवर चढायला शिकवलं, आणि याच टॉवरवरून... जाऊ दे. मी जरा सावकाश हात चालवतो. तासभर लोंबू दे की त्याला. कोण विचारतंय?

ताई: पाच वर्षांची पोर आहे त्याच्याबरोबर.

मिस्त्री: म्हणजे माफ केलंस होय?

ताई: शांत बोलते आहे म्हणजे माफ केलं, असं नाही. दोर बघ.

साहेब: बाई, वारा वाढतो आहे. ट्रॉली एका अंगाला कलते आहे.

ताई: मला इथून दिसतं आहे. नात काय करते आहे?

साहेब: माझा हात धरून बसली आहे. "आजोबा, आपण खाली कधी जाणार?" म्हणून विचारते.

ताई: तिला खालची घरं मोजायला सांगा. आणि तुम्ही माणसं मोजा.

साहेब: सहा. सहाच असणार, कुठे जाणार आहेत?

मिस्त्री: दोर चाकावर आला, पण तो धरून ठेवणारी कडी बसत नाही. दहा मिनिटं दे.

ताई: वीस घे.

मिस्त्री: वीस घेतली तर वाळत घातलेल्या धोतरासारखा फडफडेन मी इथं.

ताई: फडफड. पण कडी नीट बसव.

साहेब: दोर हलला. मला जाणवलं, दोर जागेवर आला आहे. मोटर चालू करा.

ताई: टॉवरवर माणूस आहे, साहेब.

साहेब: उतरेल तो. मोटर सुरू झाली की उतरतात आपोआप. चालू कर, मी सांगतो आहे.

ताई: हेच म्हणाला होतात तुम्ही.

साहेब: कधी?

ताई: बारा वर्षांपूर्वी. याच खोलीत, याच खुर्चीमागे उभं राहून. पाहुण्यांची ट्रॉली अडकली होती आणि तुम्हाला घाम फुटला होता. टॉवरवर माझे वडील होते.

साहेब: तू... त्यांची मुलगी?

ताई: मोटर सुरू झाली आणि ते खाली पडले. चार वर्षं अंथरुणावर होते. छताकडे बघत एवढंच म्हणायचे, "मी सांगून चढलो होतो." तुमच्या अहवालात मात्र होतं, "न सांगता चढला. टॉवरवर कोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं." लोकांनी तुमचं वाचलं. ते गेले तेही निष्काळजी म्हणूनच गेले.

साहेब: आणि त्याचा सूड आता घेते आहेस? मला असं लटकत ठेवून?

ताई: घेते आहे, साहेब. पण घाई करून नाही. त्या दिवशी चार मिनिटं तुमच्यानं धीर धरवला नाही. आज वीस मिनिटं धरा. टॉवरवरचा माणूस उतरेपर्यंत, एकेक मिनिट. माणसं मोजा.

साहेब: सहा.

ताई: ठीक.

साहेब: बाई.

ताई: बोला. बोलण्याआधी सांगते, या वायरलेसवरचा शब्द न् शब्द नोंदला जातो. या खुर्चीवर बसले, तेव्हा पहिलं यंत्र तेच बसवून घेतलं.

साहेब: माहीत आहे. इथे पाटी लावली आहे. टॉवरवर ते आहेत, हे ठाऊक होतं मला. चढण्याआधी त्यांनी मला सांगितलं होतं, मी मानसुद्धा डोलावली होती. मग पाहुणे ओरडायला लागले, आणि मला दुसरं काही ऐकूच येईना.

ताई: हं.

साहेब: काहीतरी बोल.

ताई: नातीची घरं किती झाली?

साहेब: चौदा.

मिस्त्री: बसली कडी, ताई. उतरतोय. काय म्हणतोय म्हातारा?

ताई: पाय जमिनीला टेकले की सांग.

मिस्त्री: टेकले. दोन्ही.

ताई: आता लांब उभा राहा.

साहेब: बाई, ती नोंद... नात मोठी होईल. कधीतरी कुणाकडून तरी ऐकेल. पुसता नाही का येणार?

ताई: तुमचा अहवाल मी वाचला, तेव्हा सतरा वर्षांची होते.

साहेब: हो.

ताई: माणसं मोजा.

साहेब: सहा.

ताई: आणि टॉवरवर?

साहेब: टॉवरवर... मला ठाऊक नाही.

ताई: मग विचारा.

साहेब: टॉवरवर कोणी आहे का?

ताई: नाही, साहेब. आता मोटर चालू करते.