किंचित कललेली बंदूक

माझ्या विठ्ठलाचं नाव एकदा पोटातून येऊ द्या... हां! आता मला सांगा मंडळी — माणूस थोडासा वाकडा वागला, तर काय बिघडतं? फार नाही हो — किंचित! एवढंसं! चालतं की नाही? ते खांबाजवळचे काका मान हलवतायत — चालतं म्हणे! बरं काका, मग ही गोष्ट तुमच्यासाठीच.

डोंगरातलं खडकोशी गाव. तिथं दौलतराव शेलार, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला. मिशा अशा! घरात परवान्याची रायफल! आणि गावाची चाल अशी — दसऱ्याला सोनं लुटून झालं, की चिंचेला नारळ टांगायचा आणि दौलतरावानं तो उडवायचा. ठो! ठिकऱ्या! पोरं खोबऱ्यावर तुटून पडायची.

पण लढाईत त्याचा खांदा दुखावलेला. बंदूक खांद्याला लावली, की उजवीकडे कलायची. गाव म्हणायचं — वा, काय ऐट! त्याचा धाकटा भाऊ बयाजी गुरं राखायचा. तो एकटाच म्हणायचा,

"दादा, बंदूक कलतीया तुझी."

"नारळ फुटला का न्हाई?"

"फुटला."

"मग गप!"

आता ऐका. गोळी काय सरळ जाते? नाही हो! जाता जाता ती खाली पडत असते. म्हणून लांब मारायचं, तर नळी जरा वर रोखावी लागते. बंदूक कलली, की तो वरचा चढ बाजूला वळतो — गोळी उजवीकडे सरकते! नारळ जवळ, तिथं काय कळणार? लांबवर मात्र हातभर चुकते! — मृदंगवाले बुवा, पागोटं चाचपू नका! ते कललं तरी चालेल, त्यातून गोळी सुटत नाही!

हसलात? हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

एके दिवशी सकाळी ओरडा झाला. दरीपलीकडच्या उतारावर बिबट्यानं बयाजीचं वासरू धरलं होतं. आणि बयाजी? दावं सोडीना! वेडी माया हो! डावीकडे बिबट्या, मधे खाली पडलेलं वासरू, उजवीकडे त्याच्यावर ओणवा बयाजी — हातभराच्या अंतरात ओढाओढ चाललेली. अलीकडच्या कडेला दौलतराव रायफल घेऊन धावला. मागोमाग बयाजीची बायको सोनाई. थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. आज पदर सावरायचंही भान नाही!

"दादा, पाया पडते! हवेत बार काढा! आवाजानंच पळंल त्यो!"

दौलतराव म्हणाला, "हवेत बार काढायला मी काय वरातीत आलोय?"

गाव जमलेलं ना मागं! त्यानं लांबचा नेम धरला. बंदूक कलली. सगळ्यांनी पाहिलं — कुणी बोललं नाही. बोलणारा तर पलीकडे उभा होता!

ठो!

बिबट्या आवाजानं पळाला, मंडळी. नुसत्या आवाजानं! वासरूही उठून उभं राहिलं. आणि बयाजी खाली बसला, हळूच, दमल्यासारखा.

दौलतराव दरी उतरून, धडपडत वर चढून पोचला. भावाचं डोकं मांडीवर घेतलं. छाती रक्तानं भिजलेली. बयाजीला वाटलं, बिबट्याचाच पंजा बसला. त्यानं विचारलं,

"दादा... पडला का त्यो?"

काय सांगेल हो हा माणूस? काय सांगेल?

"पडला रे... पडला."

"मग मीच उगा... तुला टोकत हुतो," बयाजी म्हणाला, आणि गेला.

सोनाईनं दिराला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्याच्यापुढं ताट वाढायची आणि निघून जायची. पुढं दौलतराव पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "बाबा, माझं काही चुकतंय का? सांग की!" लोक खाली मान घालून जायचे. थोरामोठ्याला कोण सांगणार?

काका, आता मान हलवत नाही तुम्ही. मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात एक बयाजी आहे. बायको असेल, भाऊ असेल, सून असेल. आपण त्याला गप केलंय. आपला तर अजून जिवंत आहे ना? मग आज घरी जा, त्याच्याशेजारी जेवायला बसा, आणि विचारा — माझं काय कलतंय? तो लगेच बोलणार नाही. थांबा. घास हातात धरून थांबा.