मुंग्यांना कळलं

(दुपार. बाबांचा फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला. त्यांना कमी ऐकू येतं. आई पलीकडे शिवणयंत्रापाशी. मुलगी दुसऱ्या गावातल्या भाड्याच्या खोलीतून बोलते आहे.)

मुलगी: …खोली पिवळी झाली हो बाबा. तुम्ही म्हणालात हळद टाक, मी टाकली. मुंग्या तशाच चालल्यात. फक्त आता पिवळे पाय घेऊन.

बाबा: किती टाकलीस?

मुलगी: पुडा संपला.

आई: अहो, हळद भोकाशी टाकायची असते, चिमूटभर. खोली सारवायला नव्हतं सांगितलं म्हणावं.

बाबा: आई म्हणते—

मुलगी: ऐकलं मी. पण भोकाशी टाकायची हे मला कुणी सांगितलं नाही. तिला सांगा.

आई: मी सांगितलं होतं. ह्यांनी अर्धं गाळलं.

बाबा: बरं, चूक माझी. निदान त्यावर तरी दोघींचं एकमत झालं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

मुलगी: बाबा, चेष्टा नको. घरमालकीणबाई संध्याकाळी येणारेत. भिंत बघितली की माझं बिऱ्हाड रस्त्यावर.

आई: साबणाच्या पाण्याने पूस म्हणावं. मुंग्या एकमेकींच्या वासावर चालतात. वास पुसला की त्यांना वाट सापडत नाही.

बाबा: साबणाचं पाणी, बाळ.

मुलगी: आहे, बादलीतच आहे. थांबा हं… बाबा, हे लाल झालं.

बाबा: काय लाल झालं?

मुलगी: भिंत. लालभडक. आता तर इथे कुणाचा मुडदा पाडल्यासारखं दिसतंय.

आई: हळदीला साबण लागला की लाल होणारच. वीस वर्षं माझ्या घरात राहून एवढं कळलं नाही. लिंबू पिळ म्हणावं. परत पिवळं होईल, मग ओल्या फडक्याने टिपून घे. घासायचं नाही. लिंबाने मुंग्याही हटतात.

बाबा: लिंबू आहे का?

मुलगी: अर्धं आहे. एक मिनिट… झालं की हो पिवळं. निघतंय.

बाबा: बघ. तुझी आई म्हणजे—

आई: माझं कौतुक पुरे. भोक कुठे आहे विचारा.

मुलगी: खिडकीच्या चौकटीखाली. तिथे मी आधीच मीठ घातलंय. आणि पुढे खडूची रेघ मारलीय, ती मात्र त्या ओलांडत नाहीत. निळी रेघ आली की वळून बाजूने जातात.

आई: निळी?

मुलगी: …हो.

आई: अहो, तिला विचारा, निळा खडू तिच्याकडे कुठून आला. तीन ब्लाउज बेतायचे राहिलेत माझे. घरभर शोधला मी.

मुलगी: चुकून आला असेल सामानात.

आई: तो खडू कपाटाच्या वरच्या खणात, सुयांच्या डबीखाली असतो. तिथून चुकून कसा येतो, विचारा.

बाबा: मी काय विचारणार? ऐकलं तिने.

मुलगी: घेतला मी. असू दे की माझ्याकडे. तुमच्या घरातलं काहीतरी.

बाबा: ऐकलंस? आता बोल.

आई: मला काय बोलायचंय? दुसरं मशीनसुद्धा तिच्यासाठीच घेतलं होतं. ते नको झालं, चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेली. खडू तेवढा नेला. …रांगेचं दुसरं टोक बघ म्हणावं. मुंग्या हवा खायला येत नाहीत. काहीतरी गोड असणार तिच्याकडे.

मुलगी: काही नाही. साखरेचा डबा मी पाण्याच्या ताटात ठेवते, आत लवंगा घालून.

आई: लवंगा घालते? बरं.

मुलगी: तूच घालतेस ना. …म्हणजे, ती घालते ना. थांबा, बघते. कपड्यांच्या मागून वर जातायत. फळीवर. बाबा, तुम्ही बसस्टँडवर दिलेला डबा. त्यात शिरतायत.

बाबा: तो अजून आहे? टाकून दे, टाकून दे. जुना झाला असेल.

आई: उघडलाच नाही डबा?

मुलगी: दुकानातली बिस्किटं माझ्या घशाखाली उतरत नाहीत. पण बाबांनी धावत जाऊन आणली होती, म्हणून टाकवलीही नाहीत.

बाबा: गॅसवर दूध आहे वाटतं. आलोच मी.

मुलगी: बाबा? …बाबा?

आई: गेले ते.

मुलगी: बरं.

(आई खुर्ची फोनजवळ ओढते.)

मुलगी: उघडते मग डबा. मुंग्या झटकायला हव्यात. …ह्या बिस्किटांच्या कडेला ठिपके आहेत.

आई: असतील.

मुलगी: टाक्यांसारखे. ओळीने. कापडावर खुणा करायचं तुझं जुनं चाक फिरवल्यासारखे.

आई: कणीक पातळ लाटली होती. फुगू नये म्हणून फिरवलं.

मुलगी: आई, बाबा म्हणाले दुकानातून आणली.

आई: मीच सांगितलं होतं तसं सांगायला. तुझ्याशी बोलणं टाकलेलं, आणि रात्री मी बिस्किटं भाजत बसले. कुठल्या तोंडाने माझी म्हणणार होते?

मुलगी: मी रोज संध्याकाळी त्या फळीखाली कोरडा पाव खाते.

आई: मुंग्यांना कळलं. तुला नाही कळलं.

मुलगी: रडू नकोस ना.

आई: तूच रडतेयस. फोनवर नाक ओढलेलं कळतं मला. डबा उन्हात ठेव. झाकण काढून. मुंग्या आपोआप निघून जातील, मग खा.

मुलगी: एक खाल्लं.

आई: मुंग्यांसकट?

मुलगी: फुंकून. आलं जास्त झालंय.

आई: रागात किसलं होतं. …तुझ्या मशीनवर मी ओढणी घालून ठेवलीय. ते मनावर घेऊ नकोस. विकायलाही काढलं नाही, बसायचा आग्रहही नाही. काचा घासतेस ते तरी नीट घास.

मुलगी: घासते. परवा एका आजोबांनी चष्मा घातला आणि आधी स्वतःचे हात बघितले, बराच वेळ. तेव्हा तुझी आठवण आली. सुईत दोरा ओवताना तू हात लांब धरतेस. तुलाही नंबर आलाय, आई. मला करू दे ना तुझा चष्मा.

आई: बघू.

बाबा: झालं का दोघींचं?

आई: दूध उतू गेलं का?

बाबा: कुठलं दूध?

आई: तेच म्हणते मी. सकाळपासून गॅसवर काही नाही.

मुलगी: बाबा, तुम्ही खोटं फार बोलता.

बाबा: तुमच्या दोघींच्या मधे राहतो मी. दुसरं काय करू?

आई: सरका तिकडे, मला बोलू द्या. ऐक, भोक नुसत्या मिठाने बुजायचं नाही. साबणाची वडी ओली करून त्यात दाबून बसव. घरमालकीणबाईंना दोन बिस्किटं दे, भिंतीकडे बघणार नाहीत. आणि रविवारी सकाळच्या बसने मी येते.

मुलगी: तोवर मुंग्या गेलेल्या असतील, आई.

आई: गेल्या तर गेल्या. मी येतेय.