आर्थरची तिकिटं

शेफील्डच्या रेकॉर्डच्या दुकानात रांगेत अकरा जण होते: नऊ पांढरी डोकी, एक टक्कल आणि मी. रॉक आणि सोल गाणाऱ्या डेनी हार्केटच्या पन्नास वर्षांच्या गाण्यांचा संच आला होता. माझ्यापुढे मेव्हिस आणि तिचा धाकटा भाऊ क्लिफ होते.

“आपल्या कामगार क्लबात तो गायला होता, ते गाणं यात घेतलंय. आर्थरचा आवाज ठेवला असेल का रे?”

“ताई, भाऊजी भर गाण्यात बिंगोची तिकिटं विकत ओरडले! कोण ठेवेल?”

“क्लबाचा सेक्रेटरी होता तो. राणी गात असती तरी विकली असती.”

“गेले, तरी लुडबुड चालूच!”

“त्याचा दुसरा आवाज नाही रे माझ्याकडे.”

दुकानदाराने तबकडी लावली.

“बिंगोची तिकिटं! शेवटची तिकिटं!”

“हाच मेला!” मेव्हिस म्हणाली.

दोन मिनिटं चौदा सेकंदांवर आर्थर तीन सेकंद ओरडला. दुकानदाराने ते सहा वेळा वाजवलं.